भिंतीवरची वाकळ, मांडीवरची गोष्ट

लहान मुलांच्या पुस्तकावर गंभीरपणे समीक्षा लिहावी, असे आपल्याकडे फारसे कुणाला वाटत नाही. बालसाहित्य म्हणजे संस्कार, करमणूक किंवा शाळेच्या ग्रंथालयाची खरेदी, एवढ्यावरच विषय संपतो. मुस्लिम मराठी साहित्याच्या चर्चेत तर तो सुरूही होत नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण अस्मिता, भाषा, जमातवाद, तलाक, स्त्रीप्रश्न अशा कितीतरी विषयांवर बोललो; कविता, कथा, आत्मकथने यांची चिकित्सा केली. पण आपली सहा-सात वर्षांची मुले मराठीत काय वाचतात आणि त्या पुस्तकांतल्या चित्रांत त्यांना कोण दिसते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला. तो विचारण्यासाठी आम्ही येथे एक दूरचे पुस्तक हाती घेत आहोत. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढलेल्या फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय चित्रकर्तीचे ‘टार बीच’ हे ते पुस्तक. मुळात ते पुस्तक नव्हतेच. ती एक वाकळ होती आणि ती एका मोठ्या कलासंग्रहालयात दाखल झाली. वाकळीतून पुस्तक कसे झाले आणि त्यातून आपण काय घ्यायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पुस्तकाकडे जाण्यापूर्वी त्यामागची परिस्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या अमेरिकन अभ्यासिकेने एक लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत तिथल्या प्रकाशकांनी काढलेली ५,२०६ बालपुस्तके तिने तपासली. त्यांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्के पुस्तकांत, एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तक केंद्राने ही मोजदाद चालू ठेवली. १९८५ साली निघालेल्या सुमारे २,५०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तके त्यांना केवळ १८ सापडली. २०१३ साली या केंद्राकडे आलेल्या ३,२०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीयांविषयीची पुस्तके ९३ होती. जवळजवळ पन्नास वर्षांच्या चळवळीनंतरचा हा आकडा आहे.

पण प्रश्न केवळ मोजणीचा नाही, हेही त्या देशातील समीक्षेने लवकर ओळखले. एझ्रा जॅक कीट्स या ज्यू चित्रकाराचे ‘द स्नोई डे’ हे पुस्तक १९६२ साली निघाले. पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा लाल कोट घालून बर्फात खेळतो, एवढीच त्याची गोष्ट. पुस्तक अतिशय गाजले आणि १९६३ साली त्याला कॅल्डेकॉट पदक मिळाले. ते देखणे आहे, मायेने केलेले आहे, यात वाद नाही. तरीही पीटरची आई जुन्या ठशातल्या कृष्णवर्णीय दाईसारखी रंगवली आहे, असा आक्षेप लॅरिकने घेतला. पीटर कृष्णवर्णीय आहे हे चित्रात दिसते, पण पुस्तकातला मजकूर त्याविषयी काहीच बोलत नाही, हाही मुद्दा पुढे आला. आम्हाला हे आक्षेप पुस्तकाचे मोल कमी करणारे वाटत नाहीत. चित्रात चेहरा आला म्हणजे घर आले असे होत नाही, एवढे मात्र त्यांतून स्पष्ट होते. १९९० साली रुडीन सिम्स बिशप या अभ्यासिकेने पुस्तकांना आरसे, खिडक्या आणि सरकती दारे असे म्हटले. ज्या पुस्तकात मूल स्वतःला पाहते ते आरसा, ज्यातून दुसऱ्याचे जग दिसते ती खिडकी आणि ज्यातून त्या जगात पाऊल टाकता येते ते दार. हे रूपक आता सर्वत्र वापरले जाते. पण आरसा कुणी टांगला आणि तो टांगताना कोणाच्या उंचीचा विचार केला, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. रिंगगोल्डचे काम आम्हाला महत्त्वाचे वाटते ते नेमके या ठिकाणी.

फेथ रिंगगोल्ड यांचा जन्म १९३० साली हार्लेममध्ये झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची आई विली पोझी शिवणकाम आणि पोशाखांची रचना करीत असे. घराण्यात वाकळी शिवण्याची परंपरा गुलामगिरीच्या काळापासून चालत आली होती. पणजीची आई सूझी शॅनन ही गुलाम स्त्री मालकांसाठी वाकळी शिवत असे. रिंगगोल्ड चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेऊन कॅनव्हासवर तैलरंगात काम करू लागल्या. १९७२ साली ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात त्यांनी कापडाच्या चौकटीत बसवलेली तिबेटी थंका चित्रे पाहिली आणि आपल्या चित्रांनाही कापडाची किनार लावायला सुरुवात केली. आई शिवायची, मुलगी रंगवायची. १९८० साली दोघींनी मिळून पहिली वाकळ केली. पुढच्याच वर्षी आई गेली.

याच काळात रिंगगोल्ड यांना आपले आत्मचरित्र छापायचे होते, पण प्रकाशक मिळत नव्हता. तेव्हा त्यांनी आपला मजकूर सरळ वाकळीवर लिहायला सुरुवात केली. १९८३ पासून त्यांच्या ‘गोष्टीच्या वाकळी’ तयार होऊ लागल्या. मध्ये चित्र, भोवती ठिगळांची किनार आणि पांढऱ्या पट्ट्यांवर हाताने लिहिलेली गोष्ट. कुणी छापत नाही म्हणून कापडावर लिहायचे, हा उपाय आपल्याला अगदीच अनोळखी वाटू नये. ज्यांच्या हाती छापखाना नव्हता त्यांनी जात्यावर, शाहिरीच्या डफावर, कव्वालीच्या बैठकीत आपले म्हणणे सांभाळून ठेवलेच होते.

‘टार बीच’ ही वाकळ १९८८ सालची. ती न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाकडे आहे. तिच्यावरून तयार झालेले चित्रपुस्तक १९९१ साली आले आणि १९९२ साली ते कॅल्डेकॉट सन्मानाच्या यादीत गेले. ‘टार बीच’ म्हणजे डांबराचा किनारा. हार्लेममधल्या चाळवजा इमारतींच्या गच्च्यांवर डांबर अंथरलेले असे. समुद्रावर जाणे ज्यांना परवडत नसे ती कुटुंबे उन्हाळ्याच्या रात्री वर जेवण घेऊन जात, पत्ते खेळत, मुलांना गादी टाकून देत. काळ १९३९ चा. आठ वर्षांची कॅसी लाइटफूट आणि तिचा धाकटा भाऊ बी बी गादीवर पडले आहेत. आईवडील शेजाऱ्यांबरोबर टेबलाशी बसले आहेत. समोर जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचे दिवे लागले आहेत. हा पूल १९३१ साली खुला झाला त्याच दिवशी आपला जन्म झाला, म्हणून तो आपलाच आहे, असे कॅसीला वाटते. आणि ती उडते.

इथपर्यंत ही एक गोड कल्पनाकथा आहे. पण कॅसी कशावरून उडते ते पाहावे. तिचा बाप उंच इमारतींच्या लोखंडी तुळयांवर चालणारा कामगार. ज्या कामगार संघटनेची इमारत तो बांधतो आहे, त्या संघटनेत त्याला प्रवेश नाही. कारण त्याचा बाप सदस्य नव्हता. आणि रंगामुळे, रक्तामुळे बापालाही कुणी सदस्य करून घेतले नव्हते. काम शोधायला बाहेर पडलेला नवरा परतत नाही, तेव्हा आई सारा हिवाळा रडते. शेजारीण सकाळी उशिरापर्यंत झोपू शकते, आपल्या आईलाही तसे झोपता यावे, अशी कॅसीची इच्छा आहे. म्हणून ती संघटनेच्या इमारतीवरून उडते. जिच्यावरून ती उडेल ती वस्तू तिची, असा तिचा हिशेब आहे. इमारत बापाला द्यायची. आइस्क्रीमच्या कारखान्यावरूनही उडायचे, म्हणजे रोज रात्री जेवणानंतर आइस्क्रीम.

कृष्णवर्णीयांच्या लोककथांत गुलाम माणसे शेतातून उडून मायदेशी जातात, असा एक जुना धागा आहे. रिंगगोल्ड यांनी तो एका मुलीच्या हट्टात विणला आहे. पुस्तकाचा खरा जोर आम्हाला इथे दिसतो. यात अन्याय आहे, पण तो समजावून सांगितलेला नाही. घरात मोठ्या माणसांचे बोलणे मुलांच्या कानावर पडते, त्यातले अर्धे कळते, अर्धे नुसते डोळ्यांतून दिसते. अगदी तसाच तो येतो. वंशभेद हा शब्द न उच्चारता वंशभेदाची घरातली किंमत मुलापर्यंत पोहोचते. शिवाय कॅसी रडकी नाही, शहाणीही नाही. तिला आइस्क्रीम आणि न्याय एकाच रात्री हवे आहेत. एक मर्यादाही सांगितली पाहिजे. कॅसीची मुक्ती मालकीच्या भाषेत बोलते. पूल माझा, इमारत माझी, कारखाना माझा. संघटनेचे दार सर्वांना उघडावे असे ती म्हणत नाही, इमारतच बापाच्या नावावर करते. प्रौढ वाचकाला हे खटकू शकते. पण ज्या घराला कशावरच हक्क सांगता आला नाही, त्या घरातले मूल न्यायाची कल्पना अशीच करणार, हेही तितकेच खरे.

आता कलादालनाकडे वळू. रिंगगोल्ड यांचे संग्रहालयांशी नाते सरळ नव्हते. १९६८ साली कृष्णवर्णीय कलावंतांना वगळले म्हणून आणि १९७० साली स्त्री-कलावंतांना जागा मिळावी म्हणून न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयासमोर जी निदर्शने झाली, त्यांत त्या होत्या. १९६७ साली रंगवलेले त्यांचे एक मोठे चित्र आधुनिक कलेच्या प्रसिद्ध संग्रहालयाने विकत घेतले ते २०१६ साली. न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियममध्ये त्यांच्या समग्र कामाचे मोठे प्रदर्शन २०२२ साली भरले. तेव्हा त्या ९१ वर्षांच्या होत्या. म्हणजे दार उघडले, पण आयुष्य सरत आल्यावर.

आणि दार उघडल्यावरही एक अडचण राहतेच. वाकळ ही पांघरायची वस्तू. ती भिंतीवर गेली की तिला हात लावायला मनाई होते. मूल तिच्यापासून काही हातांवर उभे राहते. वरच्या पट्टीवरची अक्षरे त्याच्या उंचीवरून वाचता येत नाहीत. गोष्ट तिथे असते, पण सांगणारे कुणी नसते. ‘टार बीच’ चे पुस्तक झाले तेव्हा ही वाकळ भिंतीवरून खाली उतरली आणि पुन्हा मांडीवर आली, असे आम्हाला वाटते. पुस्तकाच्या पानांखाली त्या वाकळीच्या ठिगळांची किनार चालत राहते. मूल तिच्यावरून बोट फिरवू शकते. संग्रहालयाने वाकळीला प्रतिष्ठा दिली आणि पुस्तकाने तिचा उपयोग परत दिला. दोन्हींची गरज आहे, पण दुसऱ्यावाचून पहिले अपुरे आहे.

परदेशातल्या अनेक कलासंग्रहालयांत आता कुटुंबांसाठी गोष्टींचे तास असतात. चित्रासमोर सतरंजी टाकून चित्रपुस्तक वाचले जाते. मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट येथे २००२ साली सुरू झालेले एरिक कार्ल संग्रहालय तर केवळ चित्रपुस्तकांच्या कलेसाठीच आहे. हा उपक्रम स्वागतार्ह आहे. तरीही ‘कौटुंबिक गोष्टी’ या शब्दाचा अर्थ त्यात बहुधा उलटा होतो. संस्थेची व्यक्ती सांगते आणि कुटुंबे ऐकतात. विविधतेच्या नावाखाली एक पुस्तक कृष्णवर्णीयांचे, एक स्थलांतरितांचे, एक मुसलमानांचे असा क्रम लावला जातो. श्रोत्यांत बसलेल्या आजीला तिच्याकडची गोष्ट कुणी विचारत नाही. रिंगगोल्ड यांच्या वाकळीत मात्र सांगणारे घरच आहे. दालनाने तिच्यापासून शिकायचे ते हेच.

मुसलमान मुलांविषयीच्या अमेरिकन पुस्तकांत हा फरक चांगला दिसतो. तिथे २०१६ साली सायमन अँड शुस्टर या प्रकाशनाने ‘सलाम रीड्स’ ही स्वतंत्र शाखा काढली. त्याआधी २०१२ साली हेना खान यांचे ‘गोल्डन डोम्स अँड सिल्व्हर लँटर्न्स’ आले होते. एकेका रंगाला मुस्लिम घरातली एकेक वस्तू दिली आहे : वडिलांची जानमाज, आईचा हिजाब, आजोबांची टोपी, मशिदीचा घुमट. मेहरदोख्त अमिनी यांची चित्रे फार सुंदर आहेत. पण पुस्तक वाचताना घराचे दार सतत पाहुण्यांसाठी उघडे ठेवल्यासारखे वाटते. प्रत्येक वस्तूची ओळख करून दिली जाते, शेवटी शब्दार्थही येतात. घरातल्या मुलाला जानमाजेची ओळख कशाला हवी? त्याला ती दुमडायचा कंटाळा येतो, हे हवे.

याउलट जमीला थॉम्पकिन्स-बिगेलो यांचे २०१८ चे ‘मॉमीज् खिमार’ पाहावे. एक कृष्णवर्णीय मुस्लिम मुलगी आईचे कपाट उघडते आणि तिचा पिवळा खिमार पांघरते. तो अंगावर आला की ती राणी होते, उडणारी वीरांगना होते. तिची आजी ख्रिस्ती आहे. ती रविवारच्या प्रार्थनेहून थेट नातीच्या घरी येते आणि नातीला तितक्याच मायेने जवळ घेते. खिमारवर जगभर जे वाद चालतात त्यांतला एकही या घरात शिरत नाही. कापडाला आईचा वास आहे, म्हणून ते मुलीला प्रिय आहे. खिमार सक्तीचा की निवडीचा, हा मोठ्यांचा प्रश्न आम्हाला गौण वाटत नाही. त्यावर आपण मोठ्यांच्या व्यासपीठावर भांडूच. पण मुलीच्या मनातील आईचे कापड त्या भांडणाच्या आधीचे आहे, आणि लेखिकेने ते तसे राहू दिले. कॅसीची वाकळ आणि या मुलीचा खिमार यांचे नाते उघड आहे.

या साऱ्याशी आपला संबंध काय, असे कुणी विचारील. एक संबंध तर थेट आहे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी स्त्रिया, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांच्या लेकी, जुन्या कपड्यांच्या वाकळी शिवतात. त्यांना त्या ‘कवंदी’ म्हणतात. या सिद्दींत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. शिवण कडेपासून सुरू होऊन मध्याकडे जाते आणि चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची ‘फुला’ लावली नाहीत तर कवंदी उघडी पडली असे मानतात. या कवंदी अमेरिकेतल्या दालनांत मांडल्या गेल्या. हार्लेममध्येच, शोम्बर्ग केंद्रात, २०१३ साली भारतातील आफ्रिकी वंशाच्या लोकांवर प्रदर्शन भरले आणि त्यात मलिक अंबर होता. १६१० साली खडकी शहर वसवणारा, तिथे नहर आणणारा हा हबशी वजीर कॅसीच्या वस्तीतल्या मुलांना भेटला. ज्या मराठी मुलांच्या जिल्ह्यात त्याची नहर आहे, त्यांतल्या कितीजणांना तो एखाद्या चित्रपुस्तकात भेटला आहे?

आपल्याकडेही चित्र आणि गोष्ट वेगळी नव्हती. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतले एकेक चित्र समोर धरून वाद्याच्या साथीवर कथा सांगत. आता तशी चित्रे काचेआड दिसतात, आवाज मात्र तिथे नसतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील, १८७२ साली खुल्या झालेल्या, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या संग्रहात मुंबईतल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या मातीच्या बाहुल्या आहेत. त्यांच्या पगड्या-टोप्या बारकाईने घडवल्या आहेत. मदनपुरा आणि नागपाडा तिथून फार दूर नाहीत. तिथल्या मुलाने या बाहुल्या पाहिल्या तर त्याला आपल्या माणसांची टोपी दिसेल, पण टोपीखालचा माणूस दिसणार नाही. मराठी बालसाहित्यात, आमच्या वाचनात आलेला मुस्लिम मुलगा बहुधा असाच आहे. तो नायकाचा जिवलग दोस्त असतो, ईदला शीरखुर्मा आणतो, दंगलीत हिंदू शेजाऱ्याला वाचवतो किंवा त्याच्याकडून वाचवला जातो. त्याला स्वतःचे काही हवे असते, असे गोष्टीत क्वचितच येते.

वेगळी उदाहरणे नाहीत असे नाही. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ मधला हमीद जत्रेत खेळणे न घेता आजीसाठी चिमटा घेतो. तिथे ईद ही सजावट नाही. तिच्यात गरिबी आहे, भाजणारी बोटे आहेत. नीना सबनानी यांचे ‘मुकंद अँड रियाझ’ हे २००७ साली तूलिका प्रकाशनाने काढलेले पुस्तक आम्हाला रिंगगोल्डच्या अगदी जवळचे वाटते. फाळणीत कराची सोडावी लागलेल्या आपल्या वडिलांची आणि त्यांच्या मित्राची आठवण त्यांनी कापडाच्या तुकड्यांच्या ठिगळकामातून चितारली आहे. इथेही रियाझ मित्राच्या कुटुंबाला वाचवतोच. पण ही एका बापाने मुलीला सांगितलेली गोष्ट आहे. म्हणून रियाझ सद्भावनेचा नमुना न राहता कुणाचा तरी हरवलेला मित्र राहतो.

आपली जबाबदारी इथून सुरू होते. पुष्कळ मुस्लिम मराठी घरांत दादी-नानीच्या गोष्टी दखनीत किंवा कोकणी बोलीत सांगितल्या जातात आणि मुले शाळेत प्रमाण मराठी शिकतात. या दोहोंमध्ये पडलेली दरी आपल्या कवींनी आणि कथाकारांनी मोठ्यांसाठी मांडली. मुलांसाठी मांडायची तर अम्मी, खाला, फुफी हे शब्द कंसातल्या अर्थाशिवाय मराठी वाक्यात बसले पाहिजेत. गोष्टीत रमजान यावा, पण सहरीला उठवले नाही म्हणून रुसलेल्या मुलीचा यावा. बापाला भाड्याने घर का मिळत नाही, हे कानावर पडलेले मूल यावे. त्याचे भाषण न करता त्याला त्या इमारतीवरून उडू द्यावे. आपण प्रबोधनाच्या परंपरेतले लोक. मुलांसाठी लिहायला बसलो की आपल्याही हातात बोधाची छडी येते, आणि कधी कधी आम्हीही या देशाचे आहोत असे पटवून देण्याची घाई येते. आठ वर्षांच्या वाचकाला हे पुरावे नको आहेत. त्याच्यापुरते ते आधीच ठरलेले आहे.

म्हणून आम्हाला एक सूचना करावीशी वाटते. आपल्या संमेलनांत पुस्तकांची दालने असतात, कधी चित्रांचे प्रदर्शन असते. त्यात घराघरांतल्या वाकळी मांडाव्यात. दोरीआड नव्हे, सतरंजीवर. ज्या बाईने ती शिवली तिने तिच्यातले ठिगळ कोणत्या लुगड्याचे, कोणत्या लुंगीचे, कोणत्या ओढणीचे, ते मुलांना आपल्या बोलीत सांगावे आणि आपल्यातल्या लेखकाने तिथे बसून ते लिहून घ्यावे. चित्रकार आपल्यात आहेत, छापखाने आता आवाक्यात आहेत. विली पोझीला लिहायचे नव्हते. ती शिवत होती आणि तिची मुलगी पाहत होती. एवढ्यावरून जगभरच्या मुलांच्या हातात एक पुस्तक आले. आपल्या घरांत शिवणाऱ्या बायका अजून आहेत. पाहणारे कमी पडू नयेत.